तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ मी अजूनही का पाहते?

1980 च्या दशकात लग्न होऊन मी मँचेस्टरजवळ राहायला आले आणि तेव्हापासून ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका पाहते आहे. हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे, म्हणजे पुण्याहून येणारी भावंडे, इथल्या गणेशोत्सवात भेटणाऱ्या मैत्रिणी आणि अलीकडे माझी मुलगीसुद्धा, मला एकच प्रश्न विचारतात : ज्या मालिकेत पूर्वी शेजारणींची भांडणे आणि पबमधल्या गप्पा असायच्या, तिच्यात आता खून, बलात्कार, आत्महत्या आणि असाध्य आजार यांचीच रांग लागलेली असते, मग तू ती अजून का पाहतेस, आणि तुला हे सगळे आवडते का? आवडते म्हणावे तर ते खरे नाही आणि आवडत नाही म्हणावे तर तेही खरे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांना तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. टोनी वॉरन या विशीतल्या लेखकाने ती मँचेस्टरच्या ग्रॅनाडा या दूरचित्रवाणी कंपनीसाठी रचली आणि तिचा पहिला भाग 9 डिसेंबर 1960 रोजी दाखवला गेला. वेदरफील्ड हे तिच्यातले गाव काल्पनिक असले, तरी ते मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डवरून बेतलेले आहे. एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत असलेली कामगारांची विटांची घरे, रांगेच्या एका टोकाला ‘रोव्हर्स रिटर्न’ हा पब, दुसऱ्या टोकाला किराणा मालाचे दुकान आणि समोरच्या बाजूला कारखाना, एवढेच तिचे जग. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही, कारण कोणाच्या घरी काय शिजते आणि कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे तिथेही भिंतीपलीकडे आपोआप कळत असे. पहिल्याच भागात केन बार्लो हा कॉलेजात शिकणारा आणि घरच्या कामगारी वळणाची लाज वाटणारा मुलगा भेटतो. त्याची भूमिका करणारे विल्यम रोच साठ वर्षे उलटून गेल्यावरही तीच भूमिका करत आहेत. एकाच माणसाला तरुणपणापासून नव्वदीपर्यंत त्याच रस्त्यावर पाहता येणे, हे दुसऱ्या कोणत्याही कलाप्रकारात मला मिळालेले नाही.

मालिका पूर्वी गोड होती आणि आता काळी झाली, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला मान्य नाही. 1964 मध्येच मार्था लाँगहर्स्ट ही म्हातारी पबमधल्या आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या गेली. 1989 मध्ये ॲलन ब्रॅडली नावाच्या माणसाने रीटा फेअरक्लफला छळून जिवे मारण्याचा प्रयत्न केला आणि अखेर ब्लॅकपूलला तिचा पाठलाग करत असताना तो ट्रामखाली सापडला. आणि 1978 मध्ये अर्नेस्ट बिशप या पापभीरू माणसाला कारखान्यात कामगारांच्या पगाराची रक्कम लुटायला आलेल्या दोघांपैकी एकाने गोळी घातली. ही घटना मी इथे येण्याआधीची, पण तिचे पडसाद मी स्वतः अनेक वर्षे पाहिले, कारण अर्नेस्टची बायको एमिली त्याच रस्त्यावर, त्याच घरात, विधवा म्हणून जगत राहिली. ती भाडेकरू ठेवत असे, चर्चची कामे करत असे, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जात असे, आणि अर्नेस्टचे नाव अधूनमधून तिच्या बोलण्यात येत असे. 2006 मध्ये एड जॅक्सन नावाचा एक माणूस तिच्या ओळखीचा झाला, तिला आवडूही लागला, आणि मग कळले की अठ्ठावीस वर्षांपूर्वी गोळी झाडणारा तोच होता. तो क्षमा मागायला आला होता. श्रद्धाळू एमिलीला क्षमेचे मोल ठाऊक होते, पण ती क्षमा देणे तिला किती जड गेले हे आम्ही प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे पाहिले. एका खुनाची किंमत काय असते हे सांगायला मालिकेने अठ्ठावीस वर्षे घेतली. म्हणून काळोख दाखवला याबद्दल माझी तक्रार नाही. त्या काळोखानंतर माणसाला जगायला किती अवकाश दिला जातो, एवढेच मी पाहते.

दुःख दाखवायला रक्त लागत नाही, हेही मी इथेच शिकले. हिल्डा ऑग्डन ही साफसफाईची कामे करणारी, केसांना कर्लर लावून वावरणारी, सतत बडबडणारी बाई, आणि स्टॅन तिचा आळशी नवरा. स्टॅनची भूमिका करणारे बर्नार्ड यूएन्स 1984 मध्ये वारले आणि त्याच वर्षी मालिकेत स्टॅनही गेला. अंत्यविधी उरकून घरी आल्यावर हिल्डा त्याच्या वस्तूंचे पार्सल उघडते, त्यातून त्याच्या चष्म्याचे घर निघते, आणि आयुष्यभर ज्याला टोचून बोलली त्या नवऱ्यासाठी ती एकटीच रडते. जीन अलेक्झांडर यांनी ते दृश्य जवळजवळ शब्दांविना केले आहे. तो प्रसंग पाहताना परक्या देशात नव्याने आलेल्या मला पहिल्यांदा असे वाटले की या लोकांची दुःखे मला कळतात, आणि ती कळतात तर त्यांच्यात राहताही येईल.

रिचर्ड हिलमनचे कथानक 2003 मध्ये टोकाला गेले तेव्हाही लोक म्हणाले होते की हे फार झाले. तो गेल प्लॅटचा नवरा, पेशाने आर्थिक सल्लागार, बोलायला मऊ आणि नीटनेटका. कर्जात बुडत गेल्यावर तो म्हाताऱ्या माणसांच्या पैशांवर आणि घरांवर डोळा ठेवू लागला. सासू ऑड्रीला विसरायला होते आहे असे त्याने सगळ्यांना पटवले, एमिलीवर हल्ला केला आणि मधे आलेल्या मॅक्सीन पीकॉकला ठार मारले. शेवटी त्याने गेल आणि मुलांना गाडीत बांधून गाडी कालव्यात घातली. ही गोष्ट निश्चितच भडक होती, पण तिचे मूळ पैशाच्या विवंचनेत होते, आणि ऑड्रीचे कोणीही ऐकत नाही तो भाग आजही माझ्या अंगावर येतो, कारण म्हातारपणी आपल्या शब्दाला किंमत उरणार नाही ही भीती खरी आहे. शिवाय हिलमन गेल्यावर रस्ता पुन्हा रस्ता झाला. काही काळ तरी पुढचा खुनी दारात उभा राहिला नाही.

2016 मध्ये केट ओट्स ‘एमरडेल’ या मालिकेकडून इकडे निर्माती म्हणून आल्या आणि 2018 पर्यंत होत्या. ‘मालिका काळी झाली’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हाच काळ असतो. बेथनी प्लॅट या शाळकरी वयाच्या मुलीला प्रेमाच्या नावाखाली जाळ्यात ओढून पुरुषांच्या हवाली केले जाते, ते 2017 मधले. गेलचा मुलगा डेव्हिड प्लॅट याच्यावर मित्र म्हणवणाऱ्या माणसाने बलात्कार केला, ते मार्च 2018 मधले. एडन कॉनरची आत्महत्या मे 2018 मधली. आणि या सगळ्यांच्या मागे सतत पॅट फेलन होता.

फेलनबद्दल मी थोडे थांबून लिहिते, कारण माझी दोन्ही मते त्याच्यात एकत्र सापडतात. 2013 मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा तो एक ठेकेदार होता. गॅरी विंडसचे त्याच्याविरुद्धचे कृत्य पोलिसांत न नेण्याच्या बदल्यात त्याने गॅरीच्या आईला, ॲनाला, आपल्याबरोबर रात्र घालवायला भाग पाडले. त्या दृश्यांत कोणी ओरडले नाही, कोणी कोणावर हात उगारला नाही, आणि तरीही ती मी आजवर पाहिलेल्या सर्वांत भयंकर दृश्यांपैकी आहेत. परत आल्यावर त्याने ‘कॅलकटा स्ट्रीट’ नावाच्या न बांधल्या जाणाऱ्या फ्लॅटांसाठी अर्ध्या रस्त्याच्या ठेवी गिळल्या. घरासाठी साठवलेले पैसे देऊन बसलेली आणि बांधकामाच्या जागेवर चकरा मारणारी माणसे पाहताना, इथेच काय, ठाण्या-पुण्यातल्या प्रेक्षकालाही आपल्या ओळखीतले कोणी ना कोणी आठवले असते. मला वाटते, तोवर फेलन पूर्णपणे खरा होता. त्यानंतर मात्र त्याने अँडी कार्व्हर या रस्त्यावरच्या तरुणाला महिनोन्‌महिने तळघरात डांबून ठेवले, त्याच्याच हातून दुसऱ्या माणसाला गोळी घालायला लावली आणि मग त्यालाही मारले. 2018 च्या सुरुवातीला ल्यूक ब्रिटन या आणखी एका तरुणालाही मारले. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमकडे शेकडो तक्रारी गेल्या. मी तक्रार केली नाही, पण त्या करणाऱ्यांचे म्हणणे मला पटत होते. इथे लहान मुलांना न झेपणारे कार्यक्रम रात्री नऊनंतर दाखवण्याचा नियम आहे, आणि ही मालिका त्याआधी, लोकांच्या जेवणाच्या आसपास लागते. पण वेळेपेक्षाही मला वेगळेच खुपले. कॉनर मॅकिंटायर यांच्यासारखा समर्थ नट आणि ॲनासारखी व्यक्तिरेखा हाताशी असताना लेखकांना बंदूक आणि तळघर यांचा आधार घ्यावासा वाटला, आणि त्या क्षणी फेलन शेजारचा माणूस राहिला नाही. शेजारचा नसलेला खलनायक कितीही क्रूर असला तरी तो मला घाबरवत नाही, फक्त थकवतो.

हे का झाले असावे याचा विचार करताना मला एक कारण फार महत्त्वाचे वाटते आणि ते कोणा एका निर्मातीच्या स्वभावात शोधण्यासारखे नाही. मी पाहायला लागले तेव्हा आठवड्यात अर्ध्या तासाचे दोन भाग असत. 1989 मध्ये तिसरा आला, 1996 मध्ये चौथा, 2002 मध्ये पाचवा आणि सप्टेंबर 2017 मध्ये सहावा. म्हणजे तेवढाच रस्ता, साधारण तितकीच घरे, पण गोष्टींची गरज तिप्पट. शिवाय पूर्वी घराघरात मोजक्याच वाहिन्या दिसत. नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, मागणीनुसार पाहण्याची सोय आली, आणि प्रत्येक मालिकेला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाण्याची घाई झाली. पबमध्ये दोन म्हाताऱ्यांनी स्टाउट पीत शेजारणीची निंदा करण्याला मथळा मिळत नाही. मराठी मालिका रोज संध्याकाळी लागतात आणि त्यांनाही पळवून नेणे, विषप्रयोग आणि मेलेली माणसे परत येणे यांचा आधार घ्यावा लागतो, हे भारतात गेल्यावर मी पाहते; तिथल्या लेखकांवरचा ताण मला म्हणूनच ओळखीचा वाटतो.

भारतीय प्रेक्षक म्हणून एक सल मनात राहून गेला आहे, तोही इथेच सांगते. देव अलाहान 1999 मध्ये मालिकेत आला आणि कोपऱ्यावरचे दुकान चालवू लागला. त्याची बायको सुनीता ही माझ्यासारखीची त्या रस्त्यावरची प्रतिनिधी होती, असे मला वाटत असे. 2013 मध्ये ‘रोव्हर्स रिटर्न’ला आग लावणाऱ्या कार्ल मनरोने आपले कृत्य लपवण्यासाठी इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या सुनीताच्या श्वासाची सोय काढून घेतली. तिची जुळी मुले आईविना उरली, पण त्यांच्या दुःखापेक्षा कार्ल कधी पकडला जाईल यालाच कथानकात अधिक जागा मिळाली. मृत व्यक्तीपेक्षा मारेकऱ्यात लेखकांना जास्त रस वाटू लागला, हे मला तिथे पहिल्यांदा ठळकपणे जाणवले.

आता दुसरी बाजू. ज्या काळाबद्दल मी वर इतके तक्रारीने लिहिले त्याच काळात एडन कॉनरची गोष्ट आली, आणि ती नसती तर ही मालिका माझ्या लेखी कमी मोलाची ठरली असती. एडन हा कारखान्याचा तरुण मालक, देखणा, लोकांत रमणारा. सावत्र बहीण कार्लाला त्याने आपली किडनीही दिली होती. तो आतून खचला आहे हे मालिकेने फार थोड्या खुणांनी दाखवले, इतक्या थोड्या की आम्हा नेमाने पाहणाऱ्यांनाही त्या नंतर आठवल्या. मृत्यू प्रत्यक्ष दाखवला नाही. दाखवले ते वडिलांचे त्याच्या घरी जाणे आणि त्यानंतर बातमी एकेका घरात पोचत जाणे. समॅरिटन्स या खचलेल्या माणसांना आधार देणाऱ्या संस्थेचा सल्ला घेऊन ते भाग लिहिले गेले होते आणि भागांनंतर मदतीचे क्रमांक दाखवले गेले. एडन गेल्याचे ऐकून डेव्हिड प्लॅटने आपल्यावर झालेला अत्याचार पहिल्यांदा आपल्या प्रेयसीला, शोनाला, सांगितला. एका पुरुषाच्या मौनाचा शेवट पाहून दुसऱ्याचे मौन सुटावे, ही जोडणी मला फार मोठी वाटते, आणि पुरुषांसाठीच्या मदतकेंद्रांकडे त्या दिवसांत अधिक लोक बोलू लागले हे वाचून ती पडद्यापुरती राहिली नाही याचे समाधानही वाटले. आमच्या इथल्या मराठी घरांत नैराश्याला अजूनही ‘कामाचा ताण’ म्हणायची पद्धत आहे. त्या आठवड्यात मात्र आमच्या ओळखीतल्या काही पुरुषांनी एडनबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल दोन वाक्ये उच्चारली. ती मी ऐकली आहेत, म्हणून कोणी या मालिकेला निव्वळ सनसनाटी म्हटले की मला गप्प बसवत नाही.

त्याहूनही मोठे काम यास्मीनच्या गोष्टीने केले. यास्मीन नझीर ही मध्यमवयाच्या पुढची दक्षिण आशियाई बाई, पुस्तकांत आणि समाजकार्यात रमणारी, स्वतःच्या मताची. अशी बाई जेफ मेटकाफ या हसतमुख, हौशी जादूगाराशी लग्न करते आणि 2019 ते 2020 या काळात तो तिला हळूहळू स्वतःच्या मुठीत घेतो. आधी तिच्या स्वयंपाकाला नावे, मग पैशांवर ताबा, मग घरात कॅमेरे, मग मैत्रिणींपासून आणि नातीपासून तोडणे. तिने जीव लावलेली कोंबडी तो तिच्याच ताटात वाढतो, ते दृश्य पाहून मी उठून गेले होते, आणि दुसऱ्या भागाला परत येऊन बसले. जोडीदारावर असा सततचा ताबा ठेवणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून कायद्याने गुन्हा आहे, पण मारहाण नसेल तर त्रासही नाही असे मानणाऱ्या किती जणींना ते माहीत होते? विमेन्स एड या संस्थेच्या मदतीने लिहिलेली ही गोष्ट नेमकी पहिल्या टाळेबंदीच्या दिवसांत टोकाला पोचली, म्हणजे अनेक बायका खरोखरच अशा माणसांबरोबर घरात अडकलेल्या असताना. त्याच्या हल्ल्यातून वाचण्यासाठी यास्मीनने त्याच्यावर बाटलीने वार केला, तुरुंगात गेली, खटल्यातून निर्दोष सुटली, आणि सुटल्यावरही लगेच पूर्वीसारखी झाली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने त्या सुमारास फोनवर एवढेच विचारले, ‘तो हिशेब मागतो, तेवढ्याने काही म्हणता येतं का गं?’ तिला काय सांगायचे हे मला यास्मीनमुळे ठाऊक होते.

या गोष्टीत काळोख कमी नव्हता. फेलनच्या तळघरापेक्षा तो गडदच होता. पण तो स्वयंपाकघरात होता, दीड वर्ष पसरलेला होता, आणि प्रत्येक पायरीवर शेजाऱ्यांना काहीतरी दिसत होते पण कळत नव्हते. म्हणूनच 2022 आणि 2023 मध्ये स्टीफन रीड हा ऑड्रीचा मुलगा एकामागून एक माणसे मारू लागला तेव्हा माझा पुन्हा विरस झाला. प्रेक्षकांपैकी अनेकांना ते कथानक आवडले, हे मी नाकारत नाही. पण ज्या घराने हिलमनला सोसले त्याच घरात पुन्हा खुनी निपजतो, आणि घरातल्या माणसांना ती जुनी भीती पुरेशी आठवतही नाही, तेव्हा एमिलीने अठ्ठावीस वर्षे वाहिलेल्या दुःखाचाच अपमान होतो, अशी माझी भावना झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या पॉल फोरमनच्या गोष्टीने तो विरस बराच भरून काढला. त्याला जडलेला मज्जापेशींचा असाध्य आजार मालिकेने सप्टेंबर 2024 पर्यंत, त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत, घाई न करता दाखवला : आधी हाताची पकड गेली, मग चालणे, मग बोलणे, आणि या सगळ्यांत जोडीदार बिलीशी त्याचे भांडणे आणि हसणे चालूच राहिले.

2026 च्या जानेवारीपासून आठवड्याला अर्ध्या तासाचे पाच भाग झाले आहेत, म्हणजे पूर्वीपेक्षा थोडे कमी. यामुळे लेखकांवरचा भार हलका होईल आणि रॉय क्रॉपरच्या कॅफेत दोन माणसांना नुसते बसून बोलायला थोडी अधिक जागा मिळेल, अशी मला आशा आहे, कारण पुढचे कोणतेही भयंकर कथानक मला झोंबायचे असेल तर ती माणसे आधी माझ्या ओळखीची व्हायला हवीत. लेखकांनी कोणताही विषय वर्ज्य मानू नये, असे मला मनापासून वाटते. माझी मागणी एवढीच आहे की रस्त्यावर कोणी मेले, तर पुढच्या वर्षीही त्याचे नाव कोणाच्या तरी तोंडी यावे. अलीकडे ते काही वेळा येते, काही वेळा येत नाही. जोपर्यंत येते आहे तोपर्यंत मी पाहणार आहे, आणि येत नाही तेव्हा तुमच्याजवळ तक्रारही करणार आहे.